चौदा नंबरची शेजारीण

दर रविवारी लातूरहून प्लॉट बघायला जीप भरून माणसं जायची, आणि त्यांच्यात बरी साडी नेसून अयोध्या बसायची. प्लॉट घ्यायची तिची ऐपत नव्हती. घेणारी बाई दिसायचं, एवढंच तिचं काम. नवरा गेल्यापासून ती एका खोलीत एकटी राहत होती. उन्हातल्या रोजंदारीपेक्षा हे बरं, म्हणून तिनं ते धरलं होतं.

त्या रविवारी तिच्या शेजारी किल्लारीच्या साखराबाई बसल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मागंपुढं कुणी नाही. त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी अयोध्याच्या हातावर ठेवली.

"भूकंपानंतर नव्या गावात घर भेटलं, पण शेजार फुटला गं," त्या म्हणाल्या. "तवापासून दारात येऊन बसणारं कुणी राहिलं न्हाई."

रेणापूरच्या रस्त्याला एका माळावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, झेंडे लावले होते. एजंट भुजंगनं सगळ्यांना तिथं उभं केलं. त्याचा फोन सारखा वाजत होता.

"नांदेडची पार्टी निघालीय. या लाइनीत दोनच राहिलेत. आत्ता इसार दिला तरच हा भाव. उद्या माझ्या हातात काही न्हाई."

"घरी जाऊन इचार करते," साखराबाई म्हणाल्या.

भुजंगनं अयोध्याकडं नुसतं बघितलं.

"माझा चौदा नंबर पक्का करा," ती म्हणाली. नेहमीसारखंच.

साखराबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि पिशवीत हात घातला. "मग पंधरा माझा. शेजारीण तर मनासारखी भेटली."

त्यानंतर त्यांचे फोन यायला लागले. मधल्या भिंतीत दार ठेवू. कढीपत्ता तुझ्याकडं लाव, तिकडं ऊन लई हाय. अयोध्या व्हय व्हय म्हणत राही. तिला फोन करणारं दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळ झाली की ती फोन जवळ घेऊन बसे आणि खरं सांगायचं उद्यावर ढकले. हळूहळू तिलाही भिंतीतलं ते दार दिसायला लागलं.

मग एकदा साखराबाई म्हणाल्या, "उद्या बँकेतली ठेव मोडते. राहिलेले भरून टाकते."

त्या माळाचा सातबारा भलत्याच माणसाच्या नावावर होता. भुजंगच एकदा रिकाम्या जीपमध्ये हसत हसत बोलून गेला होता.

"मोडू नका, मावशी," अयोध्या म्हणाली. "जमीन त्यांची न्हाईच. अन् चौदा नंबरबी माझा न्हाई. तसं म्हणायचे मला पैसे मिळतात."



"मंजी तू पण न्हाईस," साखराबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ठेव वाचली, इसार बुडाला. अयोध्यानं ते काम सोडलं. भुजंगला लगेच दुसरी बाई मिळाली. आता अयोध्या शिकवणीच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिथं दिवसभर गजबज असते, पण तिच्याशी बोलायला कुणाला सवड नसते.

दिवाळी झाल्यावर तिनं धीर करून फोन लावला.

"मी अयोध्या."

"बोला," साखराबाई म्हणाल्या.

त्यांनी तिला अहोजाहो करावं, हे अयोध्याला लागलं. तब्येत कशी, थंडी पडली का, एवढंच बोलणं झालं. परत फोन कर असं त्या म्हणाल्या नाहीत. करू नको असंही म्हणाल्या नाहीत. अयोध्या मेसच्या पायरीवर बसून राहिली. आतून कुणीतरी पोळी मागितली तेव्हा उठली.