धाकट्या दिराने दिलेला भारी फोन

पार्लरवाल्या बाईंचं आणि त्यांच्या धाकट्या दिराचं कधीच पटलं नाही. जुने फोन नव्यासारखे करून विकायचं त्याचं दुकान होतं, आणि तोंड दुकानापेक्षा मोठं. बाईंना गिऱ्हाइकांच्या केसांचे फोटो काढायला चांगला कॅमेरा हवा होता. मधल्या किमतीचा नवा फोन घेणार असं त्या म्हणाल्यावर, त्यांच्याकडे जेवायला आलेला दीर हसला.

"वहिनी, तो म्हणजे नुसता डबा. माझ्याकडचा सगळ्यात भारी घ्या. जुना आहे हे कोणाला कळणारसुद्धा नाही."

नवऱ्याने त्याचीच री ओढली. बाईंनी नाइलाजाने घेतला. कॅमेरा झकास निघाला, पण ते त्यांनी दिराला सांगितलं नाही.

एका दुपारी, गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावताना, फोन आपोआप बंद होऊन चालू झाला. पडद्यावर अक्षरं उमटली: हा फोन चोरीचा आहे. खाली एक नंबर. गिऱ्हाईक आरशातून बघतच राहिलं. बाईंनी पार्लरच्या फोनवरून तो नंबर लावला.

संध्याकाळी फोनची खरी मालकीण आली. फोन तिने हिसकावूनच घेतला.

"यात माझ्या वडिलांचा आवाज होता. गेले ते. पुसलात ना सगळा?"

"मी विकत घेतलाय हो."

"चोराकडून," ती म्हणाली आणि दार आपटून गेली.

बाई तडक दिराच्या दुकानात गेल्या. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"भाऊजी, चोरीचा माल विकलात मला."

"प्रत्येक फोनचं खानदान विचारत बसू का मी? घरचं भांडण घरी करा."

"माल इथे मांडलात, मग बोलणंही इथेच होणार."

एका गिऱ्हाइकाने हातातला फोन काउंटरवर ठेवला आणि काढता पाय घेतला. दिराचा चेहरा काळवंडला. "पुन्हा दुकानाची पायरी चढू नका," तो म्हणाला.

घरी नवरा वाटच बघत होता. "माझ्या भावाच्या पोटावर पाय दिलास."

"मग जेवायलाही त्याच्याकडेच जा."

तो खरंच गेला. आठवडाभर भावाकडे जेवला आणि घरी नुसता झोपायला आला.

बाईंनी दिराच्या दुकानासमोरच्याच दुकानातून मधल्या किमतीचा नवा फोन घेतला, दीर बघत असताना. अंधार पडला की त्यातले फोटो धूसर येतात. म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची खिडकीशी सरकवली. नवरा पुन्हा घरी जेवू लागला, पण ताटावर बोलत नाही. दीर समोरून आला तर रस्ता ओलांडतो, आणि बाईंना त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. फोनच्या त्या मालकिणीच्या वडिलांचा आवाज मात्र, कधीही न ऐकलेला, त्यांना अधूनमधून छळतो.