बहात्तरचे नव्वद

बाईंच्या हाताखाली रडला नाही असा पेशंट विरळाच. "दुखतंय? दुखणारच. मी काय गुदगुल्या करायला बसलेय?" फिजिओथेरपीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या बाईंना लोक मागे फौजदार म्हणायचे. पण कागदावर त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अहो, सर्जनसुद्धा तो पाहून पुढचं ठरवायचे.

अशा बाईंनी एकदा खोटं लिहिलं, आणि तेही दयेपोटी.

टेलरमास्तरांचा गुडघा बदलला होता. मोटरच्या मशीनवर त्यांचा हात कधी बसला नाही. पायाचं मशीन चालवायचं तर गुडघा नव्वद अंश वाकायला हवा. त्यांचा बहात्तरवर अडून बसला. बाई टाच ढकलायच्या, मास्तर घामाघूम व्हायचे, पण हूं की चूं नाही. सहाव्या आठवड्यात बाईंनी कोनमापक लावला, तर मास्तर आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंना गलबलून आलं.

"नव्वद!" त्या बोलून गेल्या. बोलल्या ते लिहिणंही आलं. आठवड्याभरात तेवढा वाकवून घेऊ, मग कोण विचारतंय!

सर्जननी कागद पाहिला. भूल देऊन गुडघा वाकवायचं त्यांच्या मनात होतं, ते रद्द केलं. गुडघा मात्र कागद वाचत नाही. पुढचे पाच आठवडे बाईंनी जीव तोडून मेहनत घेतली, तो तसूभर हलला नाही. आता लिहिलेले नव्वद खाली कोणत्या तोंडाने आणायचे? दर खेपेला तेच लिहीत गेल्या. आणि फार उशीर झाला की असा गुडघा भूल देऊनही ऐकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

अकराव्या आठवड्यात बाईंनी सर्जनना फोन करून सगळं सांगितलं, चार शब्द ऐकून घेतले आणि मास्तरांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"मास्तर, नव्वद कधीच नव्हते. बहात्तर होते, आजही तेवढेच आहेत. मी खोटं लिहिलं. माझ्यामुळे तुमचे पाच आठवडे गेले. परवा भूल देऊन वाकवून बघणार आहेत, पण जमेलच असं नाही."

मास्तरांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"घरी पायडलवर पाय ठेवून बघायचो ना रोज. जन्म मापं घेण्यात गेला माझा, मला नाही कळणार? पण नव्वद म्हणताना तुमचा चेहरा असा फुलला होता! म्हटलं, बिचाऱ्या एवढ्या राबतायत, कशाला त्यांचं मन मोडा."

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पेशंटसमोर त्या पहिल्यांदाच ढसाढसा रडल्या, आणि मास्तरच त्यांना पाणी द्यायला भिंत धरून उठले.

गुडघा ब्याऐंशीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मास्तर आता दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांना काजं-बटणं करतात.