यूसुफभाईंना दहाने भागायचं

यूसुफभाईंचं बोलणं ऐकायचं आणि दहाने भागायचं, हा आमच्या व्हॅनमधला नियम. तो प्रेमा नावाच्या माझ्या सहकारणीने केलेला. ती नर्स, मी ईसीजी टेक्निशियन, आणि यूसुफभाई आम्हाला रोज सबाह अल-सालेमहून जाब्रियातल्या दवाखान्यात आणणारे ड्रायव्हर. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा माणूस. अर्धं आयुष्य कुवेतमध्ये स्टिअरिंगमागे गेलेलं, पण तोंडाला ब्रेक नाही.

"परवा रुमैथियात असलं ऊन," ते सांगत, "माझी सावली गाडीखाली जाऊन बसली. हाका मारल्या तरी येईना. तिला तिथंच ठेवून घरी आलो." धुळीचं वादळ आलं की त्यांच्या कबुतरांना उडावं लागत नसे, ती हवेतल्या धुळीवरून पायी चालत जात. गावच्या खाडीतल्या एका कोळंबीच्या मिशीने तर म्हणे त्यांनी अडकलेली लाँच ओढून काढली होती. मला या थापा फार आवडत असंही नाही. सकाळी सहाला कोणाला आवडतील? पण ते सुट्टीवर गेले की व्हॅनमध्ये नुसता एसी ऐकू येई, आणि तो मला सहन होत नसे.

ठेच लागली तरी "पाय गेला, फक्त बूट उरलाय" म्हणणारा हा माणूस यंदा ईद झाल्यावर एका सकाळी दवाखान्यासमोर गाडी लावून तसाच बसून राहिला. मी विचारलं, काय झालं.

"काय नाय, प्रणिताताई. छातीत जरासं दुखतंय."

प्रेमा हसली. "जरासं? भागिले दहा. म्हणजे काहीच नाही. चला."

जरासं? हा शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"प्रेमा, दात काढू नकोस. व्हीलचेअर आण," मी ओरडले.

ईसीजीच्या रेघा उमटू लागल्या तसं कळलं. हार्ट अटॅक, तोही मोठा. डॉक्टर उदय कागद बघून "अँब्युलन्स" एवढंच म्हणाले. स्ट्रेचरवरून नेताना भाई चकार शब्द बोलले नाहीत. त्या गप्पपणाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी रेघांचीही वाटली नव्हती.

मोठ्या इस्पितळात दुपारपर्यंत मनगटातून तार घालून त्यांच्या हृदयाची बंद नस उघडली. संध्याकाळी आम्ही दोघी भेटायला गेलो, तर त्यांचा फोन वाजत होता. गावाहून शहरबानू, त्यांची बायको. मी उचलला. बाई रडत होती.

"खरं सांगा ताई, जिवंत हायत ना? मघाशी मला बोलले, जरासं दुखलं, आता बरा हाय. जरासं बोलले, ताई. निकाह झाल्यापासून कधी बोलले नायत."

धोका टळलाय, असं मी परोपरीने सांगितलं. ती मानेना. तिच्या जागी मीही मानलं नसतं. शेवटी फोन स्पीकरवर टाकून भाईंच्या उशाशी ठेवला.

"भाई, एक थाप मारा. आत्ताच्या आत्ता."

ते छताकडे बघत राहिले. ओठ सुकलेले, डोळे कुठेतरी लांब. वाटलं, जीव वाचला, पण यूसुफभाई गेले.

"अगो शहरबानू," आवाज जेमतेम निघाला. "हातातनं तार घातलीनी. ती संपंचना. डॉक्टर आपला ढकलतोय, ढकलतोय. दुसरं टोक आपल्या विहिरीत निघालं असंल. जाऊन बघ. कळशी अडकली असंल तर सोडव."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"बघितली तार," शहरबानू म्हणाली. "शेजारणींनी तिच्यावर कपडे वाळत घातलेत. सुकले की ओढून घ्या."

प्रेमाने काही भागलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.