टेकवायचं राहिलं

शनिवारी सकाळी लेन पोलास्कीच्या घरचा फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो उचलायला लेन उठलाच नाही. त्याच्या बायकोने, टेरीने, हाताचं पीठ पुसत उचलला, ऐकून घेतलं, "बरं, आईला विचारलं म्हणून सांग," एवढं म्हणाली आणि ठेवून दिला.

"कोण?"

"रिची. घोटा सुजलाय म्हणे."

"गुरुवारी तर धड होता."

"आता सुजलाय. मागे लाटांचा आवाज येत होता, तेव्हा खाऱ्या पाण्यानंच सुजला असेल."

लेन हसला नाही. जुलै महिन्यात क्रेसन पॉइंट गावातली निम्मी माणसं समुद्राकडे पळतात. गाव नदीकाठचं, रिफायनरीच्या धुराखालचं. उन्हाळ्यात तिथे मागे उरतात ती शनिवारची पाळी असलेली माणसं, म्हातारीकोतारी आणि लेनसारखे हट्टी. त्याच दिवशी दुपारी अग्निशमन दलाच्या मागच्या मैदानावर 'हेरन्स'चा सामना होता. हेरन म्हणजे नदीवरचा तो लांब मानेचा बगळा. रग्बी लीगचा हा संघ लेनने दोन वर्षांपूर्वी काढला होता आणि दोन वर्षांत तो एकही सामना जिंकला नव्हता.

हरण्याचं काही नव्हतं. हरणारा संघही चालतो. पण खेळ सुरू होताना मैदानात निदान अकरा माणसं उभी हवीत, असा सामने भरवणाऱ्या मंडळाचा नियम होता. तेवढी नसली तर सामना सोडला असं धरायचं, आणि एका हंगामात दोनदा सोडला तर संघ बाद. जूनमध्ये एकाच्या लग्नापायी एक सामना सुटला होता. आज आणखी एक सुटला की हेरन्स संपले.

लेन बसडेपोत मेकॅनिक. त्याला हा खेळ आल्फ एंटविसलमुळे कळला. आल्फ इंग्लंडच्या उत्तरेकडचा, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. इथली मुलगी केली आणि डेपोत लेनच्या शेजारच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली उभा राहिला. आपल्या गावचा खेळ तो असा सांगे, जसं कुणी आईच्या हातचं जेवण सांगावं. रग्बी म्हटलं की लोक विचारत, "ते पंधरा जणांचं का?" तसा आल्फचा चेहरा आंबट होई. "पंधरांचा तो वकील-डॉक्टरांचा. आमचा तेरांचा. आम्ही कामाला जाणारी माणसं."

दोघांनी मिळून संघ काढला. शाळेत फुटबॉल खेळलेले, आता पोटं सुटलेले पुरुष गोळा केले. इथला फुटबॉल, म्हणजे शिरस्त्राण घालून हाताने खेळायचा तो. पहिला उन्हाळा सगळे सामने हरण्यात गेला, आणि हिवाळ्यात आल्फच्या फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळात त्याने लेनकडून वचन वगैरे काही घेतलं नाही. एवढंच विचारलं, "वसंतात सरावाला किती येतील रे?"

"वीस तरी येतील," लेन म्हणाला.

ते खोटं होतं. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललं की ते खरं करण्याचं ओझं जिवंत माणसावर येतं, असं लेनच्या मनाने घेतलं. हे त्याने टेरीलाही सांगितलं नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या बायकोला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

दुपारपर्यंत तो ट्रक घेऊन गावभर फिरला. एकाला झोपेतून उठवलं, एकाला छपरावरून खाली उतरवलं. एकाच्या सासूशी दारात पाव तास हुज्जत घातली आणि तिथून हात हलवत परतला. दुखरा गुडघा धरून स्वतःला मोजलं तरी दहाच भरत होते. मग ज्या दारात जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तिथे तो गेला.

त्याचा धाकटा भाऊ स्टश कोपऱ्यावरच्या बारमध्ये ग्लास पुसत होता. शाळेत असताना थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सामन्यात स्टश अख्खं मैदान धावून गेला होता, त्याचा फोटो अजून बाटल्यांच्या वर लावलेला होता. त्याच सामन्यात लेनही होता, पुढच्या रांगेत, समोरच्यांना अडवत. तो फोटोत नव्हता.

"ये रे बगळ्या," स्टश म्हणाला. "एका पायावर उभं राहून दमलास?"

"एक माणूस कमी पडतोय."

"माणूस? मला वाटलं अक्कल."

बारमधले दोघे-तिघे खिंकाळले. लेन स्टुलावर बसला.

"स्टश, आज अकरावा मिळाला नाही तर संपलं सगळं."

"मग संपू दे की. मढ्याला किती दिवस आंघोळ घालणार आहेस? हाफ चड्डीतला फुटबॉल तो. ना शिरस्त्राण, ना कुणी बघायला."

"बघायला कुणी नाही म्हणून तर बरं. तुझी अब्रू शाबूत राहील."

स्टशने ग्लास उजेडात धरून पाहिला. काउंटरवर कोपरं टेकून लेन नुसता बसून राहिला, आणि मनातल्या मनात आल्फशी नाही, देवाशी बोलू लागला. प्रार्थना कसली, माणूस सावकाराच्या दारात बसतो तसं ते बसणं होतं. स्टशने आणखी तीन ग्लास पुसले.

"चड्डी कुणाची देणार?" स्टशने विचारलं. "तुझी मला तंबू होईल."

ट्रकमध्ये लेनने त्याला घाईघाईने सारं सांगितलं. चेंडू पुढे फेकायचा नाही, फक्त मागे. आपल्या माणसासाठी कुणाला अडवायचं नाही. सहा वेळा पाडले गेलो की चेंडू त्यांचा. पाडल्यावर उठायचं आणि टाचेने चेंडू मागे ढकलायचा.

"आणि रेषेपाशी पोचलास की—"

"ते एक मला शिकवू नकोस," स्टश म्हणाला. "रेषा कशी ओलांडायची ते अख्ख्या गावाला मी शिकवलंय."

लेनला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा. त्या हसण्यात पुढचं वाक्य राहून गेलं.

पाहुणा संघ ब्रॅडिंग्टनचा. ते मोजके तेराच आले होते, बदली माणूस नाही, आणि लांबच्या प्रवासाने, उन्हाने आधीच चेपलेले. पंचाने घड्याळ पाहिलं, हेरन्सची डोकी मोजली, मान डोलावली. लेनने छातीवर क्रूसाची खूण केली आणि गुडघ्याला पट्टी घट्ट बांधली.

खेळ असा झाला, की असा कधी झाला नव्हता. अकरांनी तेरांना धरून ठेवलं. कप्तान कर्टिस बॉइड टपाल वाटणारा, आठवडाभर पायी फिरणारा. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. स्टशला नियम निम्मे कळत नव्हते, पण पाय तेच होते. शेवटची मिनिटं उरली तेव्हा पाहुणे अठरा, हेरन्स सोळा. रेषेपलीकडे एकदा जमलं की चार गुण. कर्टिसने पडता पडता चेंडू मागे टाकला, तो स्टशच्या हातात बसला, आणि स्टश सुटला.

कडेने सुटला. एकाला चकवलं, दुसरा हात लावून मागे राहिला, पुढे मोकळं मैदान. लेन मागून लंगडत धावत होता आणि ओरडत होता, पण काय ओरडतोय ते त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. स्टशने रेषा ओलांडली. दोन पावलं पुढे जाऊन थांबला, चेंडू एका हाताने डोक्यावर उंच धरला, शाळेतल्यासारखा, आणि सगळा जीव एकवटून जमिनीवर आपटला. चेंडू झाडाच्या उंचीएवढा उडाला.

पंचाने नकाराचा हात हलवला.

इकडच्या फुटबॉलमध्ये त्याला टचडाउन म्हणतात. नावातच खाली टेकवणं आहे, आणि टेकवत कुणी नाही. रेषा ओलांडली की झालं, मग चेंडू आपटा नाहीतर फेकून द्या. आल्फच्या खेळात त्याला नुसतं ट्राय म्हणतात, म्हणजे प्रयत्न, आणि तिथे हाताखाली धरून जमिनीला टेकवल्याशिवाय एक गुण मिळत नाही.

"मी रेषा ओलांडली ना?" स्टश विचारत होता.

"टेकवला नाहीस," पंच म्हणाला.

"आपटला की जमिनीवरच!"

"हातातून सुटला. टेकवायचा असतो, बाबा."

उरलेला खेळ खेळून झाला. अठरा-सोळा. जिंकलेले ब्रॅडिंग्टनवालेसुद्धा मान खाली घालून हात मिळवून गेले.

हेरन्स ट्रककडे गेले. मग मॅकगिल नावाच्या वेल्डरने बूट काढून ट्रकच्या तळात फेकले. "दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मार खाल्ला, त्यातलं हे एक पदरात पडत होतं. ह्या फोटोवाल्या साहेबांनी नाच केला."

"त्याला मी सांगितलं नव्हतं," लेन म्हणाला.

"कोच, हे सांगावं लागतं?"

"तुला आल्फने सांगितलं होतं, मॅकगिल. पहिल्या दिवशी तू काय केलं होतंस? चेंडू नदीत गेला होता."

कुणीतरी नाकातून हसलं, पण मॅकगिल नाही. "मी पुढच्या शनिवारी नाही," तो म्हणाला, आणि आणखी तिघांनी त्याच्यासारखेच बूट काढून तळात फेकले. स्टश कुणाची वाट न पाहता तसाच घामाने निथळत घराकडे चालू लागला होता. लेनने हाक मारली. स्टशने मागे पाहिलं नाही.

म्हणजे आजचा सामना सुटला नाही, एवढंच झालं. पुढच्या शनिवारी परगावी सामना होता, हंगामातला शेवटचा, आणि अकरांचा नियम तिथेही होताच. मंगळवारी सरावाला तिघे आले. गुरुवारी दोघे. लेन घरी येऊन ताटावर बसला, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, पिरोगी, चिवडत राहिला.

"मी मंडळाला फोन करून टाकतो," तो म्हणाला. "तिकडच्या लोकांना उगीच मैदान आखायला लावायचं."

"कर," टेरी म्हणाली. मग म्हणाली, "मी मेणबत्ती लावून आले चर्चमध्ये. मारियामाईकडे तेरा मागायला लाज वाटली. अकराच मागितले."

"टेरी, थट्टा नको."

"थट्टा नाही. शनिवार सकाळपर्यंतचा वेळ देवाचा आहे. त्यातला तू का कापतोस?"

लेनने फोन केला नाही. झोपही लागली नाही. त्याला आता फक्त जाऊन उभं राहायचं होतं, म्हणजे कुणी विचारलं तर, मी गेलो होतो, असं सांगता येईल. विचारणारा तर कबरीत होता.

शनिवारी उजाडता उजाडता चर्चची मागून आणलेली व्हॅन अग्निशमन दलाच्या अंगणात उभी होती. कर्टिस आला, त्याच्यामागून दोन डेपोवाले, मग समुद्रावरचा घोटा घेऊन रिची, वरमलेला. मग आणखी दोघे. लेन धरून सात. निघायची वेळ झाली. कर्टिसने व्हॅनच्या चाकाला उगाच लाथ मारली.

"चल कोच. सातच जाऊ. निदान तोंड दाखवू."

तेवढ्यात बारच्या मालकाचा पिकअप अंगणात वळला. पुढे स्टश, मागच्या हौद्यात माणसं बसलेली, रागावल्यासारखी दिसणारी.

झालं होतं असं. आठवडाभर बारमध्ये स्टशचं जगणं अवघड झालं होतं. जो येई तो म्हणे, "स्टश, ग्लास नीट टेकव रे, नाहीतर धरणार नाहीत." खाटीक म्हणाला, पाद्रीबाबांचा माळी म्हणाला, बायकासुद्धा म्हणाल्या. दोन वर्षं ज्या खेळाचं नाव गावाने घेतलं नव्हतं, त्याच्यावरून काउंटरवर हमरीतुमरी चालली होती. निम्मे म्हणत पंच चोर होता, निम्मे म्हणत नियम तो नियम. शेवटी शुक्रवारी स्टशने फडकं आपटलं. ज्याला फार अक्कल आहे, त्याने उद्या सकाळी सहाला यायचं आणि स्वतः करून दाखवायचं. नाही आला, तर ह्या बारमध्ये त्याने तोंड उघडायचं ते फक्त पिण्यापुरतं.

"सहा आणलेत," स्टश लेनकडे न बघता म्हणाला. "मी सातवा. हा खाटीक तोंडाने फार धावतो, बघू पायाने किती धावतो ते."

"माझा पाय कालपासून दुखतोय," खाटीक म्हणाला.

"गप बस. व्हॅनमध्ये चढ."

चौदा झाले. जर्सी तेराच होत्या. आल्फनेच तेरा आणवल्या होत्या, जास्त लागतील असं त्यालाही वाटलं नसावं. कर्टिसने पिशवीतून एकेक काढून वाटली आणि शेवटी खाटकापाशी येऊन थांबला. सगळे लेनकडे पाहू लागले. त्याने घरूनच घालून आणली होती, शर्टाच्या आत.

लेनने शर्ट काढला. जर्सी डोक्यावरून ओढून काढली आणि खाटकाला दिली. खाटकाच्या पोटावर ती बेंबीपर्यंतच आली.

"बगळा गाभण आहे," माळी म्हणाला, आणि स्टशसकट सगळे हसले.

लेन बनियनवर, शर्ट खांद्यावर टाकून, व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. आज त्याला खेळायचं नव्हतं. गुडघा बांधायचा नव्हता, कुणाच्या सासूच्या दारात जायचं नव्हतं, कुणाला मोजायचं नव्हतं. मागे माणसं सीटसाठी भांडत होती. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. आरशातून मागची डोकी तो तरीही मोजत राहिला, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

कर्टिस त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सरक तिकडे, लेन," तो म्हणाला. "मी चालवतो. तू ह्या लोकांना खेळ काय तो सांग."

लेन सरकला. दुपारी ते चोपन्न गुणांनी हरले.