पांढऱ्या कपड्यांतले कँडिडेट

मालवणच्या बाजारात, सुक्या मासळीच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. तिथे इंग्रजी काही साठलं नाही, किस्से मात्र साठले. अजून आम्ही तिघं भेटलो की एकाने एक काढायचा, दुसऱ्याने पुढे ओढायचा आणि चहा थंड!

तिघं म्हणजे शिरोड्याचा पांडू, तारकर्लीचा बाबली आणि मी. मी नववीत शाळा सोडलेली, त्यामुळे क्लासात तोंड उघडायचो नाही. खरी घाई बाबलीला. मच्छीमाराच्या घरात जन्मून त्याला बोट लागायची! बापाने बजावलेलं, "नारळी पुनवेपर्यंत नोकरी बघ, नायतर गप होडयेर येवन बस!" तारकर्लीतल्या नव्या हॉटेलला रिसेप्शनवर इंग्रजी बोलणारा हवा होता.

सर मात्र बोलायला शिकवतच नसत. शब्दांची कुळं सांगत. "मूळ कळलं की बोलणं आपोआप येतं!"

*

पहिल्याच दिवशी शब्द आला सॅलरी. "हा मिठावरून आला. रोममध्ये मीठ म्हणजेच पगार!"

पांडूची आई मिठागरात कामाला. तो उठला, "सर, म्हणजे आमच्या घरात पोतोभर पगार पडलो आसा!"

*

एकदा सर तापले. "शॅम्पू आपला! चंपीचा शब्द इंग्रजांनी लुटला. आणि 'लूट' हा शब्दही आपल्याकडूनच लुटला!"

"मगे साबण?" पांडू.

"तो पोर्तुगीजांचा."

"बादली?"

"तीही त्यांचीच."

"मगे न्हाणीत आमचा काय रवला?"

मागून बाबली, "मळ!"

*

प्रॅक्टिकल म्हणून सरांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. एक गोरा पोट धरून धावत आला, "टॉयलेट?"

सर आमच्याकडे वळले. "बघा! शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ, छोटं कापड."

गोरा कळवळत होता. पांडूने त्याचा हात धरला आणि माडांच्या मागे नेऊन सोडला. परत येताना गोरा म्हणाला, "थँक यू!"

"थँकचं मूळ थिंकमध्ये," सर म्हणाले. "विचार करणे."

"त्येका इचार करूक येळ खंय होतो?" पांडू म्हणाला.

*

मग आम्हा तिघांनाही हॉटेलच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सर म्हणाले, "कँडिडेट म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला! रोममध्ये उमेदवार पांढरा झगा घालून फिरत. पांढरंच घाला!"

बाबलीने क्रिकेटची पँट मागून आणली, पांडूने भजनाचा झब्बा. मी वडिलांचा सदरा घातला. आम्ही तिघं गेटातून शिरलो, तर मॅनेजर पळतच आले. "या, या साहेब! पण पक्षाची वर्गणी परवाच दिली हो!" लगेच कोकम सरबत आलं.

बाबली म्हणाला, "आम्ही इंटरव्ह्यूला आलोय."

ग्लास परत गेले!

आत बाकावर बघतो तर सर! निळा चौकड्यांचा शर्ट, हातात फाइल.

"सर, तुम्ही?"

"निरीक्षणाला आलोय."

तेवढ्यात शिपायाने पहिलं नाव पुकारलं. सरांचंच! आतून फक्त मॅनेजरचंच इंग्रजी ऐकू आलं. सर घाम पुसत बाहेर आले.

"काय झाला, सर?"

"इंटरव्ह्यूचा मूळ अर्थ एकमेकांना बघणं. बघितलं."

बाबली आत गेला. दार उघडंच होतं. मॅनेजरने सरांकडे बोट करून इंग्रजीत विचारलं, तुला यांनी शिकवलं का?

"नो सर! नेव्हर सर!" सगळ्या क्लासात बाबली इंग्रजी बोलला नव्हता, तो तिथे बोलला!

मॅनेजर हसले. "सोमवारपासून ये."

दुसऱ्या दिवशी क्लासच्या बोर्डावर 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून बाबलीचा फोटो लागला. पांढऱ्या कपड्यांतला!