पुरवणीतली नदी

आमच्या घरात दहावीचं वर्ष आलं तेव्हा सगळ्यात आधी केबल काढली. मग नात्यातल्या दोन लग्नांना मी एकटीच जाऊन अक्षता टाकून आले. 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' म्हटलं की पुण्यात पुढचं बोलावं लागत नाही. सुतक असल्यासारखे लोक लांबूनच चौकशी करतात. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या कादंबरीची वही कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या रजयांखाली ठेवून दिली.

तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी दहावीला आणि आई बोलणाऱ्या नद्या लिहीत बसलीय, हे माझं मलाच बरं दिसेना.

मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे; मुलगीही त्याच शाळेत. घर स्वारगेटच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. वरच्या नळाला पाणी चढायचं नाही, म्हणून रोज सकाळी मी आणि मुलगी खालून एकेक घागर भरून आणायचो. मग पोळ्या, शाळा, येताना भाजी. दुपारी चार ते पाच हा एक तास माझा. त्यात मी मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. कोरड्या पडलेल्या खोऱ्यातली एक मुलगी डोंगरापलीकडे जाते आणि तिथली अख्खी नदी एका घागरीत भरून गावाकडे निघते. नदी वाटेत बोलते, रुसते, समुद्राची आठवण काढते. मुलगी गावात पोचणार हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. रोज वर्गात अवर्षणग्रस्त प्रदेश नकाशात रंगवून घ्यायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

"तुझ्या नदीला बोलता येतं, आणि आपल्या नळाला पाणी येत नाही," एवढंच नवऱ्याचं समीक्षण. पण रविवारी मुलीच्या केसांना तेल लावताना मी नवं प्रकरण वाचून दाखवायचे, तेव्हा तो पेपरचं पान उलटायचं विसरायचा, हे मी पाहून ठेवलं होतं.

वही वर गेली आणि रविवारी नुसतं तेल उरलं. "आता परीक्षेनंतर हं," मी म्हणाले. मुलगी "बरं" म्हणाली. पंधराव्या वर्षी ती 'बरं'च्या पलीकडे फारसं बोलत नव्हती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

खरं सांगायचं तर लिहिणं पुरतं सुटलंही नव्हतं. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा होती आणि माझ्याकडे पर्यवेक्षण होतं. वर्गात चिडीचूप. टेबलावर कोऱ्या पुरवण्यांचा गठ्ठा, प्रत्येकीवर मी आधीच सही करून ठेवलेली. त्यातलीच एक ओढली आणि लिहायला लागले. कॉपी पकडायला उभी केलेली बाईच चोरून लिहीत होती! चार पानं झाली. चौथ्या पानावर गोष्टीतली मुलगी थकली, घागर तिला पेलवेना आणि तिनं ती वाटेच्या कडेला खाली ठेवली. पुढे माझा हात चालेना. आता ही काही घागर उचलत नाही आणि मीही हे पुस्तक पुरं करत नाही, असं मला वाटलं आणि भर वर्गात डोळे भरून आले. पोरांना वाटलं असेल, बाईंना सर्दी झालीय.

ती पुरवणी तपासायच्या पेपरांच्याच पिशवीत पडली. पुढच्या आठवड्यात 'अ' तुकडीचे पेपर तपासून झाले, गुणांची बेरीज झाली. तेवढ्यात एका मुलीच्या पेपरचा दोरा सुटलेला दिसला. घाईत हाताला लागली ती पुरवणी मी तिला बांधून टाकली. तिची खरी पुरवणी पिशवीतच राहिली.

पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. "बाई, नदीच्या कार्याचं आदर्श उत्तर तुम्ही मलाच का जोडून दिलंत?" पहिली ओळ नदीचीच होती, त्यामुळे तिला तसं वाटणं साहजिक होतं. "दुसऱ्या पानावर नदी बोलायला लागली तेव्हा शंका आली," ती म्हणाली.

"कुठे आहे ती पुरवणी?" मी जरा जोरातच विचारलं.

"'ब' तुकडीत गेलीय, बाई. सगळ्यांना वाचायची होती."

'ब' तुकडीत माझी मुलगी होती, आणि माझं अक्षर ती झोपेतसुद्धा ओळखेल.

घरी आले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पुरवणी.

"तू लिहीत होतीस?"

"एकदाच. थोडंसं."

"आणि मला वाचून नाही दाखवलंस."

"अगं, दहावीचं वर्ष..."

"दहावी माझी आहे ना? मग तुझी वही का वर गेली? माझ्यामुळे ती मुलगी सहा-सात महिने रस्त्यात अडकलीय, असं वाटायचं मला. गणितं सोडवताना तीच दिसायची डोळ्यांसमोर!"

"चला, गणिताच्या मार्कांचं कारण तरी कळलं," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा," मी ओरडले. मुलीनं पुरवणी ओट्यावर आपटली आणि ती आत निघून गेली.

आधी मला रागच आला. इतकं सगळं हिच्यासाठी सोडलं आणि वर हिचंच ऐकून घ्यायचं! मग मी पुरवणी उलटून शेवटचं पान बघितलं. खाली पेन्सिलीनं चार-पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलं होतं: पुढे काय? घागर फुटली का? बाई, प्लीज. आणि त्याखाली लाल पेननं, मी पेपरांवर शेरे मारते त्याच थाटात, माझ्या मुलीचं अक्षर: "उत्तर अपूर्ण. आपण रोज जिन्याच्या वळणावर घागर खाली ठेवतो. ती काय सोडून देतो? पुरवणी जोडा."

मी ओट्याला टेकून रडले. अपराधी वाटत होतं, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला होता. मग स्टूल घेऊन रजयांखालची वही काढली आणि घड्याळाकडे न बघता तिथेच लिहायला बसले. कुकर त्या दिवशी नवऱ्यानं लावला. भात मऊ झाला होता, पण मी तो पुन्हा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पाणी भरून वर येत होतो. मुलगी पुढे होती. जिन्याच्या वळणावर तिनं घागर टेकवली, दम घेतला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "उचलली का तिनं?"

"उचलली."

"बरं," ती म्हणाली आणि आपली घागर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेऊन वर निघाली.