बिबवेवाडी ते इंदूर: भिंतीवरून मारला तर बाद

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते. प्रज्ञा माझी मुलगी. एकवीस वर्षांची आहे आणि भारताच्या महिला संघाकडून सात ट्वेंटी-ट्वेंटी सामने खेळली आहे. हे वाक्य मी अजूनही दोनदा मनात म्हणून मगच लिहिते.

"आई, सिलेक्टर्सना शेवटच्या ओव्हर्समध्ये सिक्स पाहिजेत," ती म्हणाली. "मी सगळं जमिनीवरून मारते म्हणतात. इंदूरला शेवटची मॅच आहे. तिथेही नाही जमलं तर पुढच्या टूरला दुसरी कुणीतरी जाईल."

"जमेल गं," मी म्हटलं आणि ताट पुढे सारलं.

कारण जमिनीवरून मारायला तिला मीच लावलं होतं. ती नऊ वर्षांची असताना आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांबरोबर खेळायची. एकदा तिच्या फटक्याने शिंदे आबांच्या गाडीची पुढची काच फुटली. मीटिंगमध्ये क्रिकेट कायमचं बंद करायचा ठराव आला. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. मधला मार्ग म्हणून मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'चेंडू भिंतीवरून मारणारा बाद. वाद घालणारा घरी.' खेळ वाचला. पण टीव्हीवर कुणी म्हणालं, "ही मुलगी हवेत मारतच नाही," की मला ती पाटी दिसायची.

इंदूरला जायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. नवरा कामासाठी जर्मनीत होता, म्हणून गाडी मीच चालवणार होते. खाली टायरमध्ये हवा तपासताना ज्यांच्या गाडीची काच फुटली होती तेच शिंदे आबा आले. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांची. बिल्डरला दिली तेव्हा मोबदल्यात दोन फ्लॅट मिळाले, आणि आपल्याच ज्वारीच्या रानात ते आता दुसऱ्या मजल्यावर राहतात.

"मी बी येतो," ते म्हणाले.

"आबा, सहाशे किलोमीटर आहे."

"मग? बैलगाडीनं चाललाय का?"

पहाटे साडेपाचला निघालो. पुण्याहून इंदूरला जाणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: सातच्या आत चाकण मागे टाका. आम्ही टाकलं, म्हणून नारायणगावला मिसळ खायला निवांत वेळ मिळाला. पुढे संगमनेर, सिन्नर आणि मग नाशिक. शिर्डी-मनमाडवरून अंतर थोडं कमी पडतं, पण नाशिककडून चौपदरी रस्ता आहे आणि एकट्या चालवणाऱ्याला तोच बरा. आबा टोलनाक्यांवर नाराज होते. गाडी न थांबता पुढे जाते आणि पैसे आपोआप कापले जातात, हे त्यांना पटत नव्हतं. "म्हंजे भांडायचं कुणाशी?" असं त्यांनी तीन नाक्यांवर विचारलं.

चांदवडच्या आसपास मी त्यांना मनातलं सांगितलं. म्हटलं, पोरीचं नुकसान माझ्या पाटीने केलं. आबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"त्या पाटीचा रंग बाकी चांगला हाय. आजून उडाला न्हाई."

धुळ्याला मुक्काम केला. हायवेवरच्या साध्या हॉटेलात दोन खोल्या साडेतीन हजारांत मिळाल्या. स्वच्छ होत्या, गरम पाणी मात्र सकाळी आठपर्यंतच. जेवायला शेवभाजी, भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. शेवभाजी 'कमी तिखट' मागितलीत तरी डोळ्यांत पाणी येईल, ताक आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तापी ओलांडली, शिरपूर गेलं, सेंधव्याच्या आधी बिजासन घाट लागला. घाटात ट्रकच्या मागे मुकाट्याने चालायचं, ओव्हरटेकचा मोह धरायचा नाही. खलघाटला नर्मदेचं पात्र इतकं रुंद होतं की आबांनी टोपी काढून हात जोडले. महूला आम्ही स्मारकापाशी थांबलो. आमच्या घरातलं कुणी या वाटेने गेलं तर तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मी काही मागितलं नाही. माझ्या आजीला शाळेत वर्गाबाहेर बसवायचे, आणि तिची पणती पाठीवर देशाचं नाव घालून खेळते. तिथे उभं राहून एवढंच आठवलं.

इंदूरला सामन्याच्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि जिरावन नावाचा मसाला घालतात. आबा म्हणाले, "धुळ्यात शेवंची भाजी, हितं पोह्यावर शेव. या लोकांनी भुईमुगाकडं बघितलंच न्हाई का?" पण दुसरी प्लेट त्यांनीच मागितली.

सामना दुपारचा होता. तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, टोपी मात्र न्याच, कारण आमच्या स्टँडवर चार वाजेपर्यंत ऊन होतं. मागच्या रांगेत कॉलेजच्या मुली होत्या, त्यातल्या एकीने गालावर तिरंगा काढला होता. तिने मला हिंदीत विचारलं, "आंटी, आप किसके लिए आई हैं?" मी म्हटलं, "नंबर पाँच के लिए." पुढे काही सांगितलं नाही.

चार षटकं बाकी असताना चौतीस धावा हव्या होत्या, आणि प्रज्ञा मैदानात आली. टीव्हीवर ती मोठी दिसते. इथे हेल्मेटखाली अगदी लहान दिसली. समोरच्या कर्णधाराने सगळ्या क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवल्या. प्रज्ञा जमिनीवरूनच मारत राहिली. दोन, एक, दोन. एकदा दोघींच्या मधून चौकार. मागच्या मुली वैतागल्या. एक म्हणाली, "ये तो मारती ही नहीं यार." मी मागे वळले नाही, पण पाठ ताठ झाली.

शेवटच्या षटकात आठ हव्या होत्या. पहिल्या दोन चेंडूंवर दोन-दोन धावा. तिसऱ्यावर काहीच नाही. आता तीन चेंडूंत चार. एकेरी धाव अडवायला कर्णधाराने मिड-ऑन पुढे आणली. प्रज्ञाने तिकडे एकदा पाहिलं, ग्लोव्ह नीट केला. चेंडू पडला, ती एक पाऊल पुढे आली आणि तिने तो सरळ त्या मुलीच्या डोक्यावरून उचलला.

चेंडू अजून वरच होता.

"टाकीवर," आबा शांतपणे म्हणाले.

तो दोरीच्या पलीकडे जाऊन पडला. मागच्या मुलींनी माझ्याच खांद्यावर थापा मारल्या. मी रडत होते आणि रडता रडता विचारत होते, "कसली टाकी, आबा?"

"काय न्हाई," ते म्हणाले आणि टोपी झटकायला लागले.

संध्याकाळी संघाच्या हॉटेलच्या लॉबीत प्रज्ञा अर्धा तास भेटली. ओले केस, पायात चप्पल, हातात केळं. आधी आबांच्या पाया पडली, मग मला घट्ट धरलं. मी फार दिवस साठवलेलं बोलून टाकलं: ती पाटी माझी, ती भीती माझ्यामुळे, मला माफ कर.

प्रज्ञा केळं खायची थांबली. तिने आबांकडे बघितलं. आबांनी छताकडे.

"आई, तो नियम आम्ही पाळायचोच नाही."

"म्हणजे?"

"तू ऑफिसला गेलीस की भिंतीवरूनच मारायचो. पलीकडे आबांच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर लागला की सिक्स. आबा गेटवर बसायचे. तुझी कंपनीची बस वळणावर दिसली की शिट्टी वाजवायचे. मग आम्ही जमिनीवरून."

मी आबांकडे वळले. "तुमचीच काच फुटली होती."

"काच काय, नवी बसती," आबा म्हणाले. "पोरगी उचलून मारती ते बघाया बरं वाटायचं. तुमी दमून यायच्या. तुमाला कशाला तरास?"

"मग टीव्हीवाले म्हणतात ते?"

"ते नंतरचं आहे," प्रज्ञा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "अंडर-नाइन्टीनच्या सिलेक्शनला मी पहिलाच बॉल उचलून मारला आणि कॅच गेला. त्या वर्षी नाव आलं नाही. तेव्हापासून लेदर बॉलवर हातच उठत नव्हता. सहा महिने रोज शंभर बॉल उचलून मारतेय. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजी करत बसली असतीस."

परतीच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. सिन्नरजवळ काम चालू असल्याने तास गेला. आबा झोपले होते. मी गाडी चालवत होते आणि मनातून एक एक गोष्ट काढून ठेवत होते. इतकी वर्षं जपलेला अपराध माझा नव्हता, हे बरं झालं. पण त्याला चिकटून एक लहानसा अभिमानही होता, की तिचे जमिनीवरचे सुंदर फटके माझ्यामुळे आले. तोही उतरवावा लागला. मग राहिलं ते सगळं तिचं होतं: ती टाकी, तो सुटलेला संघ, ते सहा महिने. त्याचा जो अभिमान वाटतो तो वेगळा आहे. त्यात माझा हात नाही, म्हणून तो निखळ आहे.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या दौऱ्याचा संघ आला. नाव होतं.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी होती. तिने विचारलं, "मॅम, तो शेवटचा शॉट लहानपणी तुम्हीच शिकवलात का?"

"नाही गं," मी म्हटलं. "मी तेव्हा ऑफिसात होते."